पाच पानांचा निबंध, अकरा गुरुवार

पाथ्रीकर सरांना लग्नपत्रिका दिली की ते चष्मा पुसून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि विचारत, "लेखकाचा मुख्य दावा काय?" पत्रिका देणारा गोंधळून सांगे, मुलाचं लग्न आहे. "ती माहिती झाली," सर म्हणत आणि 'आपली उपस्थिती हाच खरा आहेर' या ओळीवर बोट ठेवत. "दावा हा आहे. आता याला पुरावा दाखवा." त्या घरून त्यांना दुसरं आमंत्रण येत नसे.

उद्या नळाला पाणी येईल, अशी सूचना त्यांच्या उस्मानपुऱ्यात लागली की ते फलकासमोर उभे राहून जमलेल्या लोकांना समजावत, "हा दावा नाही. ही इच्छा आहे."

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा सर सहावीत होते. त्याआधी उर्दूचे मौलवीसाहेब धडा वाचून घेत आणि "मतलब?" विचारत. नंतर मराठीचे गुरुजी आले, ते "आशय सांगा" म्हणत. भाषा बदलली, छडी तीच होती, असं सर सांगत. पुढं तीस वर्षं त्यांनी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं. पद्धत एकच होती. लेख वाचायचा, लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात सांगायचा, मग तो समजावून द्यायचा.

निवृत्तीनंतर हाच वर्ग गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर भरू लागला. विद्यार्थी तिघं. कॉलेजच्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधणारे हमीदभाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या सोनवणेबाई आणि एका दैनिकात उपसंपादक असलेला मी. शिकवणाऱ्यानं उत्तर आधी सांगायचं नाही आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय लेख मिटायचा नाही, हा सरांचा नियम होता.

सरांच्या पत्नींनी जाण्याआधी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. माझ्यामागं एकटं राहायचं नाही, मिलिंदकडं पुण्याला जायचं. मिलिंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षं झाली तरी सर गेले नव्हते. मिलिंदचा फोन आला की ते म्हणत, "शब्द पाळायचाच आहे. पण जिला दिला ती नाही. मग तो शब्द शिल्लक राहतो का, हे आधी ठरायला पाहिजे."

आणि एका गुरुवारी त्यांनी नेमक्या याच प्रश्नावरचा पाच पानांचा निबंध आमच्यापुढं ठेवला.

"लेखक काय म्हणतो ते सांगा. शब्द राहतो असं निघालं तर मी पुण्याला चाललो. नाही निघालं तर हाये इथंच."

लेखकाचं म्हणणं दुसऱ्या पानाच्या पहिल्याच ओळीत होतं. माणूस गेला म्हणून त्याला दिलेला शब्द जात नाही. मी ते वाचलं आणि हमीदभाईंकडं पाहिलं. त्यांचं बोटही त्याच ओळीवर थांबलं होतं. त्यांनी ते उचललं.

"सर, अपने को तो हा पेरूचा मामला दिसतो," ते म्हणाले.

निबंधात एक उदाहरण होतं. एका माणसानं मरणाऱ्या शेजाऱ्याला, तुझ्या पेरूच्या झाडाला पाणी घालीन, असा शब्द दिलेला असतो.

"ते उदाहरण आहे, हमीदभाई. दावा पेरू नाही."

"पेरू कसा नाही? चार वेळा आलाय. मोजला मी."

सोनवणेबाईंनी पदर सावरला. "मला वाटतं, लेखक शेजाऱ्यांच्या विरोधात आहे."

सर माझ्याकडं वळले. रोज शंभर बातम्यांचे मुद्दे काढणारा माणूस म्हणून माझ्यावर त्यांची भिस्त होती. मी म्हणालो, लेखक प्रश्न विचारतो, उत्तर देत नाही.

"तुमचा पेपर निघतो तरी कसा?" सर म्हणाले.

आम्ही आपसात काही ठरवलं नव्हतं. पण दुसऱ्या गुरुवारीही निबंध कुणालाच कळला नाही. तिसऱ्या गुरुवारी सरांनी दावा, कारण आणि उदाहरण यांतला फरक फळ्यावर काढून दाखवला. चौथ्या गुरुवारी हमीदभाईंनी निबंधाला जाड पुठ्ठ्याची बांधणी करून आणली आणि आता तरी समजेल, असं सांगितलं. सहाव्या गुरुवारी सोनवणेबाईंनी लेखकाला सांधेदुखी असावी, असं मत दिलं. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. आठव्या गुरुवारी मी दावा तळटीपेत असल्याचं सांगितलं. निबंधाला तळटीप नव्हती.

"लई शिकवली पोरं," सर म्हणाले, "पण तुमच्यासारखी नाय पाहिली." मात्र दर वेळी ते पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करत. चहा दोनदा होई.

अकराव्या गुरुवारी मिलिंद स्वतःच आला. तो इंजिनिअर होता, रजा काढून आला होता. "अण्णा, पाच पानांचा निबंध आणि तीन महिने?"

"तू वाच. तू सांग."

मिलिंद जिन्याच्या पायरीवर बसून वाचू लागला. दुसऱ्या पानावर तो थांबला. वर पाहिलं. हमीदभाई कपातल्या उरलेल्या चहाकडं बघत होते. सोनवणेबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मी खिशातलं पेन काढून परत ठेवलं. मिलिंदनं आमच्याकडं एकेक करून पाहिलं, मग वडिलांकडं. त्यानं निबंध मिटला.

"पेरूची निगा राखावी, असं दिसतंय."

सर उभे राहिले. अकरा आठवडे न चढलेला आवाज चढला.

"यांचं सोड. माझ्या पोटचा पोरगा असं वाचतो? अरे, तो म्हणतो, शब्द दिला तेव्हाच आपण बांधलो गेलो. ऐकणारा गेला, तरी देणारा आहे ना? म्हणून माणूस गेला तरी शब्द जात नाही. यात अवघड काय आहे?"

आपण काय बोललो ते सरांना जरा उशिरा ऐकू आलं असावं. ते हळूच खुर्चीत बसले.

"तुम्हाला कधी कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या जुमेरातीलाच, सर," हमीदभाई म्हणाले.

"दुसऱ्या पानावर," सोनवणेबाई म्हणाल्या.

मीही मान डोलावली.

सरांनी मिलिंदच्या हातातून निबंध घेतला. "तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "माझ्यासाठी कुणी मुद्दाम नापास झालं नव्हतं."

मिलिंदनं खालच्या आवाजात विचारलं, "उद्या सकाळची बस बघू का, अण्णा?"

"सकाळची नको, दुपारची बघ. सकाळी हे तिघं भेटायला येतील."

आम्ही येतो, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.