आईचं फोल्डर आणि निळी पट्टी

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. (लोकांचे कपडे स्वच्छ निघतात, माझे तेलकट.)

आमच्या टीव्हीखाली एक काळा डबा आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ आपोआप त्यात जाऊन साठतात. एके दिवशी दादा म्हणाला, "ऐंशी टक्के भरलाय. तुला यंत्रातलं कळतं ना? कोण जागा खातंय, जरा लक्ष ठेव."

मला काही कळतं, असं दादाने म्हणायची ही पहिलीच वेळ. मी हुरळून गेलो. जुन्या लॅपटॉपवर डब्याचं पान उघडलं. त्यात एक निळी पट्टी होती, डबा भरेल तशी पुढे सरकणारी. पण दिवसभर मी कामावर, बघणार कोण? म्हणून कपाटातून आईचा फोन काढला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. फोनमध्ये तिचे त्रेचाळीस व्हिडिओ होते: झाडांना पाणी घालताना, मला ओरडताना, कॅमेरा उलटा धरून "चालू झालं का रे?" विचारताना. डब्यात प्रत आहेच, म्हणून मी ते फोनमधून पुसले, फोन पट्टीसमोर उभा केला आणि शूटिंग चालू केलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. रोज.

पट्टी सरकायला लागली. शहाऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. मला चेव आला.

"वहिनी, तुमचे व्यायामाचे व्हिडिओ फार होतात."

"भावजी, माझ्या वजनाचा विषय काढायची तुमच्या भावाची हिंमत नाही, आणि तुम्ही माझ्या व्हिडिओंच्या वजनाचा काढताय?"

रविवारी दादाने स्वतःच यादी उघडली.

"सगळ्यात मोठं फोल्डर कुणाचं, बघ. आईचं!"

वहिनी दचकल्या. "अहो, त्यांचं आता कसं वाढेल?"

"व्हायरस शिरलाय. नऊ-नऊ तासांच्या फाइली आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पट्टीचं शूटिंग करत होतो, ते शूटिंग डब्यात जात होतं आणि त्यानेच पट्टी सरकत होती. सांगायला तोंड उघडलं. (दादासमोर माझं तोंड आधी उघडतं, आवाज मागून येतो. कधीकधी दुसऱ्या दिवशी.)

"दादा, ते... मी... त्यात..."

"घाबरतोस काय? आईचे व्हिडिओ तिच्या फोनमध्ये आहेतच," म्हणत दादाने अख्खं फोल्डर उडवलं. वर कचरापेटीही रिकामी केली. दादाचं काम चोख असतं.

पट्टी सर्रकन मागे आली. एकोणऐंशी. सुरुवातीला ऐंशी होती. तो एक टक्का म्हणजे आई.

"बघ, लक्ष ठेवलं की जागा होते!" दादाने माझी पाठ थोपटली. मी "हो" म्हणालो. तेवढा आवाज मात्र आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन घेऊन जिन्यात बसलो. जागा व्हावी म्हणून रोजचं शूटिंग मी रात्री त्यातून पुसायचो, शनिवारचं राहिलं होतं. तिचा आवाज कुठे चुकून उरला असेल, या वेड्या आशेने ते लावलं. सुरुवातीलाच कुणीतरी म्हणालं, "चालू झालं का रे?"

माझाच आवाज होता. आणि कॅमेरा उलटा होता. पुढे नऊ तास पट्टीऐवजी मागची भिंत.