मापाची पोर

कमळाअक्काने शिवलेला प्रत्येक फ्रॉक आधी माझ्या अंगावर चढला, आणि त्यातला एकही मला मिळाला नाही. मी अंगणात सागरगोटे खेळत असले की पलीकडच्या ओट्यावरून हुकूम यायचा, "मंदे, इकडे ये. उभी राय, हालू नको." मग ती अर्धवट शिवलेला फ्रॉक माझ्या डोक्यातून खाली ओढायची, तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती गोल फिरायची, आणि समाधान झालं की तसाच वर ओढून काढून घ्यायची. टाचण्या तोंडात असतानाही तिचं बोलणं थांबायचं नाही. त्यातलं मला काही कळायचं नाही, पण टाचणी टोचली की माझंच चुकलं असणार, एवढं कळायचं.

अमळनेरला आमची आणि तिची भिंत एकच. तिचे मालक, म्हणजे नाना, जिनिंगमध्ये मुकादम होते. माणूस कमी बोलणारा, आणि बोलला तर गल्ली ऐकेल असा. अक्का त्यांच्या खांद्याला लागेल एवढी ठेंगणी, पण तिचा वचक त्यांच्यापेक्षा जास्त. घरात ती अहिराणी बोलायची. आमच्याशी शुद्ध बोलायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या वाक्याला घसरायची.

तिचं एकच वेड होतं. कपडा अंगाला नीट बसला पाहिजे. त्या काळी आमच्याकडे नीट बसणारा कपडा फक्त लग्नातल्या नवरदेवाला मिळे, बाकी सगळ्यांचा वाढत्या अंगाचा. शाळेचा स्कर्ट दोनदा मुडपून घालायचा, तो मुडपा दरवर्षी उसवायचा, आणि पोर स्कर्टाएवढी होईपर्यंत स्कर्ट विरून जायचा. बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. शिंप्याकडे जायचं नाही, मापाला जुना झंपर पाठवायचा. जुना झंपर लग्नातला. पुढे दोन-तीन बाळंतपणं होऊन जायची, तरी माप तेच. मग अख्खी गल्ली हात वर करताना श्वास रोखून धरायची.

अक्काला हे बघवत नसे. माझ्या भावाची ढगळ चड्डी पाहून ती आईला विचारायची, "कपडा आज घालना शे का पुढला सालले?" एकदा हळदीकुंकवाला हेडमास्तरांच्या बाई आल्या होत्या. नवा रेशमी झंपर, गळ्यात तन्मणी, चेहऱ्यावर मात्र उगाच त्रास. अक्काने त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, आणि ओटी भरता भरता सगळ्यांदेखत विचारलं, "बगलमा काचस ना तुले?" बाईंचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. अक्काने त्यांना तसंच हाताला धरून आत मशीनपाशी नेलं. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या त्या हसत, आणि जाताना त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. त्यानंतर शाळेत माझ्या खोड्यांकडे कोणी फारसं लक्ष देईना.

पण हे गावकीचं झालं. माझ्यावर तिचा जो डोळा होता तो निराळा. मला ताप आला की ती मशीन सोडून धावत यायची. एका पावसाळ्यात मला टायफॉईड झाला. आई रडत होती ते समजण्यासारखं होतं. अक्का मात्र माझं मनगट दोन बोटांत धरून बसायची आणि उठून धुळ्याला जाणारं कोणी आहे का ते विचारत फिरायची. "शकूनी पोर बी बारीक हुई गई व्हई," असं ती आईला म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या मनगटात आणि धुळ्यातल्या कोणा पोरीत काहीतरी नातं आहे. माझे पुढचे दात पडले तेव्हाही तिने ठरवून टाकलं की तिकडेही पडले असणार.

आईने मग मला सगळं सांगितलं. शकू ही अक्काची एकुलती एक लेक. तिने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, धुळ्याच्या शाळेत मास्तर. नानांनी सांगून टाकलं की या घरात तिचं नाव निघायचं नाही, आणि निघालं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या गल्लीत लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायच्या, गाणी म्हणायच्या. अक्काच्या दारात झोका नव्हता. ती दार पुढे लोटून मशीन चालवायची. शकूला मुलगी झाली त्याच आठवड्यात मी जन्मले होते, म्हणून ती पोर म्हणजे मी, असा अक्काचा सरळ हिशेब होता. आखाजीला एक फ्रॉक, दिवाळीला एक. धुळ्याला जाणाऱ्या कोणाच्याही हाती पुडकं जायचं आणि 'पोचलं' एवढा निरोप यायचा. नाना दर रविवारी त्या मशीनला तेल घालायचे, पण त्यावर काय शिवलं जातं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मला मात्र त्या पोरीचा भयंकर राग यायचा. उन्हातान्हात उभी मी, टाचण्या खाणार मी, आणि झालरीचा फ्रॉक घालून मिरवणार ती.

मी पाचवीत असताना आखाजीच्या आधी धुळ्याला मावशीकडे लग्न निघालं. अक्काने पुडकं आईकडे न देता माझ्याकडे दिलं. पिवळा फ्रॉक होता, गळ्याला गुलाबी गोट, पाठीला बटणं. तो घालून पाहताना अक्काने मला सारखं गोल फिरवलं होतं. ती म्हणाली, तिथे तिला घालायला लाव, आणि कसा दिसतो ते नीट बघून ये. एस.टी. सुटली तरी ती खिडकीला हात लावून चालत होती.

लग्न आटोपल्यावर आई मला शकूताईकडे घेऊन गेली. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. शकूताई अगदी अक्कासारखी ठेंगणी. तिने आईला घट्ट मिठी मारली, आणि मग तिने आतल्या पोरीला, वैशालीला, हाक मारली.

जी आली ती माझ्यापेक्षा टीचभर उंच, खांदे रुंद, हात लांबच्या लांब. मागून मास्तर आले ते दारात वाकून. वाकले नसते तर चौकट कपाळाला लागली असती. तेव्हा आमच्या लक्षात आलं, अक्काने जावई कधी पाहिलाच नव्हता. लेकीची पोर लेकीसारखी असणार, एवढंच तिने धरलं होतं. बापही असतो हे तिच्या मापात आलंच नव्हतं.

पिवळा फ्रॉक वैशालीच्या डोक्यातून उतरला आणि खांद्यावर अडकला. बिचारीने श्वास रोखून पाहिला. शकूताईने तो हळूच काढला आणि कपाट उघडलं. खालच्या खणात सगळे फ्रॉक घडी घालून ठेवलेले होते, अगदी झबल्यापासून. माझ्या अंगावरून गेलेला एक न् एक मी ओळखला. झबलं तेवढं बसलं होतं, ती म्हणाली, पुढचं काहीच नाही. मग ती आईला म्हणाली, "वहिनी, तिला सांगू नका. बसला म्हणा. तिला कळलं तर ती शिवायचं बंद करेल."

आई तशी भिडस्त, पण त्या दिवशी चिडली. म्हणाली, ती बंद करणाऱ्यातली नाही, तू मापाला एक फ्रॉक दे. मग शकूताईने दोरीवरचा, वैशालीने कालच काढून टाकलेला फ्रॉक ओढला, धुतलेला नाही म्हणून थबकली, आणि तसाच माझ्या हातात दिला.

आम्ही परत आलो तेव्हा अक्का ओट्यावरच होती. नाना आत कॉटवर बसले होते. "तिले बसना का?" एवढंच तिने विचारलं. आईने मला पुढे केलं. मी मापाचा फ्रॉक तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो उलगडला. सवयीने माझ्या अंगाला लावला. खांदे माझ्या दोन्ही बाजूंना लोंबले, घेर पोटऱ्यांपर्यंत आला. तिने परत लावून पाहिला. मला वाटलं, आता ही चिडणार, शकूताईला बोल लावणार, निदान मला तरी. तिने फ्रॉकची बाही नाकाशी नेली.

"एवढी मोठी हुई गई?" ती म्हणाली. नाना आत आहेत, त्यांना ऐकू जातंय, याचं तिला भान नव्हतं. आतून कॉट करकरली.

मग ती उठून माझ्यासमोर ताठ उभी राहिली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "सांग मंदे, ती माले कोठपावत येस?"

मी हाताने दाखवलं. कानापर्यंत. अक्काने आपला तळवा तिथे धरला, कानाशेजारी, हवेत, पालथा. बोटं थोडी वाकवली. हात खाली घेईना, कोणाकडे बघेना. मला ते बघवलं नाही. मी पुढे झाले आणि तिच्या हाताखाली जाऊन उभी राहिले. टाचा उचलल्या, मान ताणली, पण माझं डोकं तिच्या तळव्याला लागलं नाही.