आधी उडी, मग चहा

साळवे सरांच्या घरी चहा प्यायचा असेल, तर आधी दारात उडी मारावी लागे.

चपला काढायच्या, उंबऱ्याबाहेरच्या शहाबादी फरशीवर उभं राहायचं आणि दोन्ही पाय उचलून धप्पकन उतरायचं. पोस्टमन असो, घरमालक असो, की सरांचे सासरे असोत, कडी वाजवलेली चालत नसे. "आधी उडी, मग चहा," सर आतून म्हणत. आमच्या हेडमास्तरांनीसुद्धा मारली होती. धोतराचा सोगा हातात धरून आणि गल्लीत कुणी बघत नाही याची खात्री करून.

उडी मात्र एकच. मी एकदा हौसेनं दुसरी मारली, तर सर धावतच बाहेर आले.

"एकच म्हणलं ना! दुसरी न्हाई मारायची!"

दुसरी लाट पहिलीत मिसळून मोजमाप बिघडत असणार, असं मी समजलो. सरांबद्दल आम्ही पुष्कळ काही असंच समजून घेत असू.

ताडकळसच्या शाळेत ते भूगोल आणि विज्ञान शिकवत, मी मराठी. राहायला दोघंही पूर्णेला. मी एस.टी.नं जायचो, सर सायकलीवर. नामांतराच्या आंदोलनात एस.ट्या बंद पडल्या की मी मुकाट त्यांच्या कॅरिअरवर बसे. मग शाळा येईपर्यंत पृथ्वीच्या पोटातलं सगळं ऐकावं लागे.

"पृथ्वी काय बोलत न्हाई, शिंदे सर. हलती. हललेलं ज्याला वाचता आलं, त्याला ती समजली."

"आणि तुमची सायकल हलते त्याचं काय वाचायचं?"

"तुमचं वजन."

आमच्या शाळेचं प्रयोगाचं कपाट कायम कुलपात असे. वस्तू फुटली तर भरून कोण देणार? सरांची यंत्रं मात्र व्हरांड्यात उघडी पडलेली. सायकलचं चाक, डालड्याचा डबा, बँडवाल्यानं टाकून दिलेला ढोल, आणि दोरीला टांगलेला वरवंटा. या सामानातून ते भूकंप काढून दाखवत. कुणी मुसळानं जमीन ठोकली की वरवंट्याला बांधलेला टाक कागदावर रेघोट्या ओढी. काळ्या रानात ठोकलं तर रेघ कशी मऊ येते, मुरमावर ठोकलं तर कशी खडबडून उठते, हे आमच्या शाळेतली पोरं बघून सांगत. मला अजून सांगता येत नाही.

प्रत्येक यंत्राची आकृती भिंतीवर डकवलेली, आणि वर सरांच्या अक्षरात सूचना: 'यंत्राची कॉपी करण्यास परवानगी आहे. पेपरात नाही.'

"खोला," ते पोरांना सांगत. "खोला, बघा, बिघडवा. कसं बिघडलं ते मलाबी सांगा." नववीतल्या एकीनं स्प्रिंगऐवजी सायकलची ट्यूब लावली आणि यंत्र सुधारलं. सरांनी त्याच दिवशी आकृती बदलली आणि खाली त्या पोरीचं नाव घातलं. कुणी यंत्र मागितलं की उचलून देत. ज्यानं मागितलं नाही, त्यालाही देत.

घरचं यंत्र सगळ्यात देखणं. बैठकीच्या आढ्याला तारेनं जड दगड टांगलेला, दगडाला आरशाचा तुकडा. कोपऱ्यात भोक पाडलेल्या डब्यात दिवा. दिव्याची तिरीप आरशावर पडून उलटी फिरे आणि मधल्या दारातून थेट स्वयंपाकघरात जाई.

"स्वयंपाकघरात कशाला?" मी विचारलं होतं.

"लांब गेला की उजेड जास्ती नाचतो. शास्त्र हाय ते."

शास्त्र म्हटल्यावर मी मान डोलावली. दर खेपेला उडीनंतर थोड्या वेळानं वहिनी चहा आणून ठेवत, किंचित हसत आणि परत जात. कधी शब्द बोलल्या नाहीत. "लय गर्वाची बाई," असं गल्लीतल्या बायकांचं मत होतं. सरही कधी त्यांना हाक मारत नसत. इतकी वर्षं गेलो, पण "अगं, ऐकलंस का" एवढंही त्या घरात ऐकलं नाही. पटत नसेल, असं मी समजलो.

मग एका शुक्रवारी हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि साहेबांना त्यांनी आरशाच्या यंत्राबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं.

"ते उद्या इथं पायजे, साळवे."

"ते न्हाई मिळायचं."

आम्ही सगळे थक्क. हा माणूस 'नाही' म्हणू शकतो, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"नक्कल करून घ्या," सर म्हणाले. "आकृती देतो."

"साहेब उद्या यायलेत! नक्कल कवा करू? एक दिवसाचा तर सवाल हाय."

"एक तासबी न्हाई," म्हणून सर सायकल काढून निघून गेले. हेडमास्तरांनी टेबलावर हात आपटला. यंत्र आलं नाही तर साळव्यांचा गोपनीय अहवाल आपण कसा लिहितो ते बघा, असं म्हणाले, आणि समजूत घालायला मला पाठवलं.

एस.टी. सायकलीच्या आधी पोचली. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली, "वहिनी!" म्हणून हाका मारल्या. आत भांडी वाजत होती, पण ओ नाही. गर्वालाही काही मर्यादा असते. मी वैतागून उडी मारली.

लगेच स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला आणि वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"बसा भाऊजी. तुमची उडी लगेच कळती. उजेड पार फडताळापतूर जातो."

"मी केव्हाच्या हाका मारतोय," मी तांब्याकडं बघत म्हणालो.

"माझ्याकडं बघून बोला. टायफाईडपासून ऐकू येत न्हाई मला. कुणाला सांगू नका म्हणून मीच ह्यांना शपथ घातली. एकदा बहिरी नाव पडलं की जात न्हाई."

मी मधल्या दारातून आत पाहिलं. चुलीच्या वरच्या भिंतीवर उजेडाचा रुपयाएवढा ठिपका होता. मालगाडी आली की तो थरथरतो, मांजरानं उडी टाकली की नुसता दचकतो, असं त्या सांगत होत्या. आधी दिवसभर समोर नुसती भिंत असायची, म्हणाल्या. आता कोण आलं, कोण गेलं, समजतं.

एवढ्यात ठिपका हलला. हलकेच, एकदा. आणि मग पुन्हा एकदा.

वहिनींनी पदर सारखा केला. "हे आले."

"दोनदा का?"

"एक पावण्याची," त्या स्टोव्हकडं वळत म्हणाल्या. "दोन ह्यांच्या."

सर आत आले. माझ्याकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं आणि दगडापाशी जाऊन उभे राहिले, मी तो आत्ताच उचलून नेणार असल्यासारखे.

"काय निरोप आणलाय?"

"निरोप काही नाही," मी म्हणालो. "उडी मारली, चहाला बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडमास्तरांना सांगितलं, की माझ्या उडीनं फरशी खचली, तार तुटली, यंत्र गेलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि क्षणभरही शंका घेतली नाही.

"साळवे चिडले असतील."

"चहा पाजला," मी म्हणालो.

साहेबांना व्हरांड्यातल्या वरवंट्यापुढं उभं करून सरांनी उडी मारायला लावली. रेघ खडबडून उठली. साहेब इतके खूश झाले, की तिसऱ्या उडीनंतर हेडमास्तरांनाच त्यांना आवरावं लागलं. अहवाल चांगला गेला.

सरांच्या दारात मी अजूनही उडी मारतो. जरा बेतानं, फडताळाच्या अलीकडं राहील अशी. आणि एकच.