सव्वीस जणांची खरडपट्टी

डॉक्टरीणबाईंनी स्वतः विणलेल्या पहिल्या स्वेटरचा फोटो कट्ट्यावर टाकला आणि दाढ भरता भरता फोनकडे डोळे लावले. खुर्चीतला पेशंट आ वासून होता, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती.

कट्टा होता सत्तावीस विणणाऱ्यांचा, नणंदेने स्वतःच्या सर्व्हरवर थाटलेला. नियम एकच, कौतुक बंद! न बघता "छान छान" म्हणायला बाहेर सगळं जग पडलंय. इथे चुका दाखवायच्या, त्याही झोडपून. वर्षभर नुसतं वाचून आज कुठे बाईंचा धीर झाला होता.

"हा स्वेटर की पायपुसणं?"

"गळ्यातून डोकं जाईना, बाहीतून म्हैस जाईल!"

बाई हरखून गेल्या. आपलं मानल्याशिवाय कोण एवढं बोलतं?

पण त्याच सकाळी नणंदेने मोठ्या हौसेने कट्टा बाहेरच्या जगाला जोडला होता; आता इथलं लिखाण कुणीही वाचावं, त्यावर कुणीही बोलावं. दोन तासांत ही खरडपट्टी गावभर नव्हे, जगभर झाली आणि जग खवळलं. एका बाईला सव्वीस जण छळतात म्हणजे काय!

"अहो, ही माझीच माणसं आहेत," बाईंनी लिहिलं.

"बघा, किती घाबरलीये बिचारी!"

"मी मजेत आहे हो!"

"तिच्याकडून लिहून घेतायत!"

नणंद धापा टाकत दवाखान्यात आली. "वहिनी, घात झाला! ज्यांच्या भाड्याच्या मशीनवर आपला सर्व्हर आहे ना, ते म्हणतात, पाचपर्यंत हे थांबलं नाही तर कट्टाच बंद!"

"अगं, मग जगाशी जोडणी तोड ना!"

"तोडली तर म्हणतील, बाईला कोंडून मारतायत!"

बाईंनी हातातलं अवजार ठेवून दिलं. आज कुठे त्या कट्ट्यावर बोलायला लागल्या होत्या, आणि आजच तो जाणार?

खुर्चीत आता दुसरा पेशंट होता. त्याने तोंडातला कापूस काढला. "मग करा की थोडं कौतुक. काय बिघडतं?"

नणंदेने भराभर सगळ्यांना निरोप धाडले. चार वाजता सुरुवात झाली. "अप्रतिम!" "काय सुबक वीण!" "हातात जादू आहे हो!" सव्वीसच्या सव्वीस! जगाने डोळे पुसले, बदाम पाठवले आणि पावणेपाचला ते दुसऱ्या भांडणाकडे निघूनही गेलं.

"वाचला गं बाई कट्टा!" नणंद दवाखान्यातच नाचायला लागली.

बाई मात्र एकेक कौतुक वाचत स्टुलावर बसल्या होत्या. तोंड एवढंसं झालं होतं.

"वहिनी, अगं, मीच सांगितलं होतं त्यांना असं लिहायला!"

"ते कळतंय गं," बाईंनी नाक पुसलं. "पण सव्विसांतल्या एकाला तरी झोडपल्याशिवाय राहवू नये? एवढी परकी आहे का मी?"