आबासाहेबांच्या बेसण्यातली जपानी बाई

भजनाची एकच कॅसेट पुरे, असं जनार्दनने ठरवलं. बेसणं पाच ते सहा; कॅसेट उलटी केली की तास निघतो. हिशेब चोख होता. (चोख हिशेबाचा त्याला आजवर कधी फायदा झाला नव्हता, पण ते असो.)

बेसणं त्याच्या सासऱ्यांचं, जयवंतरावांचं; घरात त्यांना आबासाहेब म्हणत. बडोद्यात राहून राहून आपल्या मराठी घरांनीही ही गुजराती शोकसभेची रीत उचलली आहे. हॉलमध्ये पांढरी चादर, फोटोला हार, टेपवर भजन. येणारा हात जोडतो, बसतो, चालू भजन संपलं की उठतो. मधेच उठणं म्हणजे गेलेल्या माणसाकडे पाठ फिरवणं. आणि हॉल किती भरला, यावरून माणसाची किंमत ठरते.

घोडं इथेच अडलं होतं. जयवंतरावांनी नोकरीत हाताखालच्यांच्या रजा कापल्या आणि निवृत्तीनंतर गोत्रीच्या सोसायटीत शेजाऱ्यांच्या वेली. सासूबाई इंदिराबाई सकाळपासून एकच विचारत होत्या, "जावईबापू, लोक येतील ना हो?"

"रीघ लागेल, आईसाहेब," जनार्दन म्हणाला. (तो स्वतः जावई नसता तर आला नसता.)

पाच वाजता मूठभर माणसं आली. मेहुणे उदयसिंहराव दारात हात जोडून उभे. पहिलं भजन रंगात येतंय तोच टेपने घुंघुं केलं आणि कॅसेट गिळली. भजन थांबलं. लोकांना वाटलं, संपलं. सगळे सुटल्यासारखे गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

इंदिराबाईंनी रिकाम्या होत चाललेल्या चादरीकडे पाहिलं. नवरा गेला त्या दिवशीही बाईचा चेहरा इतका उतरला नव्हता. जनार्दनला ते बघवेना. त्याने खिशात हात घातला. खिशात जपानी बाई होती.

तिचं असं की, देशाची दारं नुकती उघडली होती आणि त्यातून परदेशी मशिनं आणि साहेब दोन्ही आत येत होते. जनार्दन वाघोडियाला कारखान्यात सुपरवायझर. तिथे मशिनं बसवून परत जाताना नाकानोसाहेबांनी त्याला ही कॅसेट दिली. जपानी डिस्को. एके काळची गायिका, आता तिच्या देशातही तिला कुणी विचारत नाही, असं साहेब म्हणाले होते. जनार्दन मात्र कंपनीच्या बसमध्ये वॉकमन लावून रोज तिची विचारपूस करी. शब्द एक कळत नसे. गोत्रीचा स्टॉप कधी गेला हेही कळत नसे. तिचं नाव जिभेला झेपेना, म्हणून मनातल्या मनात तो तिला मोहना म्हणे. (हे त्याच्या बायकोला, कांचनला, ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका.)

त्याने गुंतलेली कॅसेट ओढून काढली, मोहनाची आत सरकवली, आवाज बारीक केला आणि बटण दाबलं. आधी समुद्राच्या लाटा, मग बाईची लांबलचक, दुखरी तान. उठलेले लोक परत बसले. मग ढोल सुरू झाला.

उदयसिंहराव तरातरा आत आले. "जनार्दनराव, हे काय?"

"जपानी प्रार्थना, दादासाहेब. तिकडे मोठा अधिकारी गेला की लावतात."

"ढोलासकट?"

"लहान अधिकारी असला तर नुसत्या टाळ्या."

उदयसिंहरावांनी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "मग आवाज वाढवा थोडा," ते गंभीरपणे म्हणाले.

मोहनाचा एक गुण जनार्दनच्या ध्यानात उशिरा आला. नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत म्हणून तिची गाणी एकाला एक जोडलेली होती. एक संपायच्या आत दुसरं सुरू. प्रार्थना संपेना आणि माणूस उठेना. नवे येत होते, जुने हलत नव्हते. माणसं सरकली, दाटली, पायऱ्यांवर आली, मग सोसायटीच्या झोपाळ्यावर बसली. रस्त्याने जाणारे गर्दी बघून, कोणीतरी मोठं माणूस गेलं म्हणत चपला काढू लागले.

वेल कापली गेलेले रमणभाई भाजीची पिशवी घेऊन कानाशी आले. "जनार्दनभाई, आ पूरुं क्यारे थशे? मारे शाक लेवा जवुं छे."

"थशे, थशे. संपेल आता," जनार्दनने घाम पुसला.

भाजीवाला निघून गेला. रमणभाई बसून राहिले. पायाचा अंगठा मात्र ढोलावर हलू लागला. हळूहळू ओळीतले सगळेच अंगठे हलू लागले. चेहरे तेवढे सुतकी.

इंदिराबाई ताठ बसल्या होत्या. पदर सावरून त्या फोटोला हळूच म्हणाल्या, "बघताय ना?"

टक् झालं. बाजू संपली. सगळा हॉल एकदम उठला आणि चपलांपाशी अशी रेटारेटी झाली की पाणीगेटचे एक गृहस्थ दोन्ही उजव्याच चपला घालून गेले.

"आबासाहेबांना लोक इतकं मानत होते," उदयसिंहराव डोळे पुसत म्हणाले, "घरात राहून मला कळलं नाही."

जनार्दनची छाती फुगली. या घरात त्याच्या हातून पहिल्यांदाच एक काम धड झालं होतं. टेप उचलायला तो वळला, तर कॅसेटचं कव्हर इंदिराबाईंच्या हातात. त्यावर चकाकत्या आखूड फ्रॉकमधली, पायांना चाकं बांधलेली मुलगी. म्हातारीने ती दूर धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली.

"गाते चांगली," त्या म्हणाल्या. "जपून ठेवा हो, जावईबापू. यांचं एका बाजूत भागलं. तुमच्या वेळी दोन्ही बाजू लावाव्या लागतील."

"आणि हॉलला बाहेरून कडी घालावी लागेल, आईसाहेब," कांचन चादरीची घडी करत म्हणाली.