रिकामी मोजणी

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाबा हृदयाची गोळी घेत. साडेसातला मुलगी कामावर निघे आणि ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत बाबा गॅलरीत उभे राहत.

"काम नसताना थंडीत कशाला ताटकळता?" ती रोज विचारी, मागे वळून मात्र कधी पाहत नसे.

सोमवारपासून ती महिनाभर परगावी जाणार होती. म्हणून तिने स्वतः गोळ्यांची डबी बनवली होती. वेळ झाली की डबीचा छोटा पडदा उजळे आणि त्या दिवसाचा कप्पा उघडे. डबी चालली नाही, तर बाबांची रवानगी आत्याकडे व्हायची होती.

"तिच्याकडे गोळी वेळेवर मिळेल," बाबा म्हणाले, "पण दुप्पट लागेल."

शनिवारी बाबांनी एवढेच सुचवले, "डबी छान आहे गं, पण माझ्याहून मंद आहे." मुलीने ते मनावर घेतले. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला तिने वेगाची सर्वांत वरची पातळी ठरवून दिली. रविवारी सात-दहाला डबी ठप्प. दोष शोधायला तिने प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पावलाची खबर देणारी एक ओळ घातली. डबी सुरळीत चालली. ओळ काढली, पुन्हा ठप्प.

"लक्ष ठेवलंस की शहाणी, पाठ फिरवलीस की हट्टी," बाबा म्हणाले. "लहानपणी तूही अगदी अशीच."

"बाबा, आता नको ना!"

दुपारपर्यंत तिने तारा बदलल्या, बॅटरी बदलली. तेवढ्यात आत्याने फोनवर खोली झाडून ठेवल्याचे कळवले. बाबांनी चष्मा लावला आणि तिचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायला घेतला. उभी हयात त्यांनी छापखान्यात मुद्रिते तपासली होती.

"इथं नुसतं लाखापर्यंत मोजलंयस. कशाला?"

"पडद्याला जागं व्हायला वेळ लागतो. तेवढं थांबायचं."

"पण 'थांब' असं लिहिलंयस कुठं?"

"मोजणं म्हणजेच थांबणं, बाबा."

"ते तुला ठाऊक. त्या घाईवाल्या कंपायलरला वाटलं असेल, या मोजणीतून काही निघत नाही. दिली छाटून. पावलापावलाची खबर मागितलीस, तेव्हा मोजावंच लागलं त्याला."

मग तिने वेगाची पातळी अगदी खाली आणली. डबी आळस दिल्यासारखी उजळली आणि कप्पा उघडला.

सोमवारी सात-दहाला बाबांनी डबीतली गोळी घेतली. साडेसातला ती निघाली. कोपऱ्यावर तिने बॅग खाली ठेवली, मागे वळली आणि गॅलरीकडे पाहत मनात दहापर्यंत मोजले.

"अगं, काम नसताना कशाला ताटकळतेस?" वरून बाबा ओरडले. "गाडी चुकेल!"

तिने हात हलवला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.