किसनआबांच्या माहेरवाशिणी

माझे सासरे किसनआबा मासा विकत घेण्याआधी त्याचं पोट अंगठ्यानं अलगद दाबून बघतात. हाताला भरल्यासारखं लागलं की मासा तिथंच ठेवतात आणि विकणाऱ्याकडं असं बघतात, जणू त्यानं एखाद्या गरोदर बाईला एसटीत उभं ठेवलंय. "पोटुशी हाय रं," एवढं म्हणून पुढं निघतात. भिगवणच्या मासळी बाजारात त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. ते लांबून दिसले की गाभोळीचे, म्हणजे पोटात अंडी असलेले मासे पाटीखाली जातात.

गंमत म्हणजे आबा स्वतः मासेमार. पळसदेवला उजनीच्या पाण्यात त्यांची होडी चालते. पण नवं पाणी आलं की होडी काठावर पालथी आणि जाळं आढ्याला. श्रावण सरेपर्यंत एक मासा धरत नाहीत. याच दिवसांत मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे ओढ्यानाल्यांत चढतात. या चढणीच्या माशांवर साऱ्या गावाचा डोळा, कारण उथळ पाण्यात ते नुसत्या हातानंही सापडतात. आबा तेव्हा ओढ्याच्या मोरीवर खुर्ची टाकून बसतात, मांडीवर काठी. घमेली-बादल्या घेऊन आलेल्यांना आल्या वाटेनं परत धाडतात. "माहेराला निघाल्यात बाया, वाट सोडा." लोक हसतात आणि वळसा घालून दुसऱ्या ओढ्याला जातात. आबांना ते ठाऊक असतं. आपल्या मोरीखालून जाणारीला त्रास होऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट.

त्यांच्या या वेडापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा आबांनी ना दुकान विचारलं ना शेती. गाभोळी आवडते का, एवढंच विचारलं. मासेमाराचं घर, म्हणून मी खुशीत येऊन सांगितलं की तळलेली गाभोळी म्हणजे माझा जीव की प्राण. आबा उठून बाहेर गेले. मनीषानं, म्हणजे आताच्या माझ्या बायकोनं, पोह्यांची बशी देता देता हळूच सुचवलं की सोडली म्हणून सांगा. मी सोडली. आजतागायत सोडलेली आहे, निदान पळसदेवच्या हद्दीत तरी.

लग्नानंतर बारामतीला आबांचा रोज फोन येऊ लागला. तब्येतपाणी नंतर, आधी पाण्यातली खबर. चिलापीनं अंडी तोंडात धरलीत, आता पिलं फुटेपर्यंत बिचारी उपाशी. रोहू अजून थांबलीय, पाण्याला म्हणावी तशी ओढ नाही. मी बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळत 'हो का, हो का' करायचो. मनीषाला दिवस गेल्याचं कळवलं तेव्हा मात्र आबांनी सल्ला दिला तो मलाच. "मरळीवानी ऱ्हावा, पाव्हणं. तिच्यात बाप पिलांची राखन करतो."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण मनीषा शाळेत असतानाच तिची आई गेली. घरात आबा एकटे. बाळंतिणीला न्हाऊ कोण घालणार, शेक कोण देणार? म्हणून माझ्या आईनं आणि मनीषानं मिळून ठरवलं की बाळंतपण बारामतीतच करायचं. त्यात वावगं काहीच नव्हतं. मनीषानं फोनवर तसं सांगितलं. आबा "बरं" म्हणाले.

त्या दिवसापासून फोनवरचे मासे बंद झाले. आषाढ लागला, ओढे वाहू लागले, आणि आबा मला विचारत होते की सोयाबीनच्या बियाण्याला उठाव कसा आहे. असल्या शहाण्यासारख्या बोलण्याची मला धास्ती वाटू लागली. एका रविवारी पळसदेव गाठलं. मोरीवर खुर्ची नव्हती. घमेलीवाल्यांना रान मोकळं होतं.

आबा घराच्या मागच्या खोलीत सापडले. भिंतींना ताजा चुना दिलेला होता. वारा येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी टांगलेली, कोपऱ्यात शेगडी, शेजारी ओव्याचा आणि शेपांचा डबा. मधोमध बाज, आणि तिच्यावर आबा वाकलेले. बाज त्यांनी जाळ्याच्या दोरीनं, जाळ्याच्याच गाठी मारून विणली होती. मी थट्टेनं म्हटलं, बाळ अडकेल की यात. त्यांनी मान वर न करता सांगितलं की भोकं बारीक ठेवलीत.

शेजारच्या जैनबभाभींकडून त्यांनी बाळंतिणीचं सगळं समजून घेतलं होतं. न्हाऊ घालायला भाभी रोज येणार होत्या. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारून झालं होतं. डिंकाचे लाडू मात्र आबांनी स्वतःच्या हातानं वळले होते. हे सगळं मी बघत राहिलो आणि मग मला सांगावंच लागलं की आबा, ती तर येणार नाही.

"ठाऊक हाय," आबा म्हणाले. "पर आई न्हाय म्हून पोरीला माहेरबी न्हाय, असं कसं व्हईल, पाव्हणं?"

सासऱ्यांपुढं जावयाला रडायची सोय नसते, म्हणून मी एक लाडू तोंडात घातला. मेथी इतकी, की डोळ्यांत पाणी यायला आयतं निमित्त मिळालं.

संध्याकाळी डबाभर लाडू घेऊन बारामतीला आलो आणि मनीषाला सगळं सांगितलं. तिनं एक लाडू घेतला, तोंड वाकडं न करता पुरा संपवला आणि फोन लावला.

"आबा, मी बाळंतपणाला तिकडंच येतेय."

फोन तिनं स्पीकरवर टाकला होता. पलीकडून आबांचा आवाज आला. ज्या पाण्यावर ती लहानाची मोठी झाली, त्याच पाण्याबद्दल ते लेकीला विचारत होते.

"हितलं पानी आता बाधंल का गं तुला? उकळून ठिवतो."